खिंडीच्या अलीकडून परत

लेहच्या विमानतळावर उतरलेल्या मराठी इंजिनिअरला दोन दिवस अंथरुणात पडून राहायला लावणं, हा माझा व्यवसाय आहे. गेली अठरा वर्षं मी न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेहून लडाखच्या सहली काढते. खिंडी, बर्फ, परवाने, पंक्चर झालेली चाकं या सगळ्यांनी मिळून मला जेवढा घाम फोडला नसेल, तेवढा या दोन दिवसांनी फोडला आहे. माणूस नेवार्कहून दिल्ली, दिल्लीहून लेह असा अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून येतो, हॉटेलच्या खिडकीतून त्याला बर्फाचे डोंगर दिसतात, आणि मी सांगते, "आता पडदा ओढा आणि आडवे व्हा."

कुणी ऐकत नाही.

ॲन आर्बरचे एक गृहस्थ होते, मॅरेथॉन धावणारे. मी झोपा म्हटल्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. "शुभाताई, माझा रेस्टिंग हार्ट रेट एक्कावन्न आहे. हे रूल्स नॉर्मल लोकांसाठी आहेत." माझी पाठ वळताच ते टेकडीवरच्या गोंपाच्या पायऱ्या धावत चढून आले. गोंपा म्हणजे बौद्ध मठ. लडाखात तो बहुधा गावाच्या डोक्यावर बसलेला असतो आणि पायऱ्यांच्या बाबतीत बांधणाऱ्यांनी हात आखडता घेतलेला नसतो. संध्याकाळी गृहस्थ बाथरूमच्या दारात फतकल मारून बसलेले सापडले. पुढचे चार दिवस त्यांनी हॉटेलचं छत पाहिलं. त्यांची बायको माझ्या सांगण्याप्रमाणे दोन दिवस घोरत पडली होती, तिने मात्र सगळं लडाख पाहिलं आणि रोज संध्याकाळी येऊन त्यांना रंगवून सांगितलं. त्या बाई पुढे आणखी दोनदा माझ्याबरोबर आल्या. एकट्याच.

बाहेरच्या माणसाला हा धंदा म्हणजे तिकिटं आणि हॉटेलं वाटतो. ती कुणीही काढतं. आमचं खरं काम म्हणजे विरळ हवेत माणसाचं अंग रुळेपर्यंत त्याला धरून ठेवणं. त्यासाठी आमच्याकडे एक चिमटा असतो, ऑक्सिमीटर. तो बोटाला लावला की रक्तात प्राणवायू किती आहे ते कळतं. पिस्कॅटवेत सगळ्यांचा आकडा अठ्ठ्याण्णव येतो. लेहला पहिल्या दिवशी तोच सत्त्याऐंशी येतो, आणि ते तिथे अगदी ठीक असतं. पण आपल्या लोकांना अकरा आकडे खाली घसरणं म्हणजे बोर्डात नंबर हुकल्यासारखं वाटतं. मग एकमेकांचे आकडे विचारणं सुरू होतं. एका जोडप्याचं यावरून भांडण झालेलं मी सोडवलं आहे.

दुसरं काम शिष्टाचाराचं. निघण्याआधी महिनाभर मी सगळ्यांना माझ्या बेसमेंटमध्ये बोलावते, साबुदाण्याची खिचडी खायला घालते आणि गोंपात कसं वागायचं ते सांगते. जोडे बाहेर, टोपी हातात, मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही, लहान लामाचाही गालगुच्चा घ्यायचा नाही. यातली एक सूचना अनुभवातून आली आहे. एका वर्षी पुण्याच्या एका मावशींनी पर्समधून करंडा काढून तारादेवीच्या पितळी मूर्तीला हळदीकुंकू वाहिलं. मोकळं कपाळ त्यांना बघवेना. मी धावत गेले तोवर तिथले म्हातारे लामा ओलं फडकं घेऊन आले होते. देवीचं कपाळ पुसता पुसता ते हिंदीत मला म्हणाले, "देवी को अच्छा लगा होगा. पर बड़े लामाजी को नहीं लगेगा." तेव्हापासून लेहच्या हॉटेलात मी करंडे जमा करून घेते आणि परतताना देते.

प्रदक्षिणेचं मात्र मी कधी शिकवत बसले नाही. लडाखात रस्तोरस्ती चोर्तेन असतात. चोर्तेन म्हणजे छोटा स्तूप: खाली चौथरा, वर पांढरा घुमट. त्याला उजव्या हाताशी ठेवून फेरी घालायची, आपल्या देवळासारखीच. अमेरिकेत जन्मलेल्या पाहुण्यांना मी खडूने बाण काढून दाखवायचे, मराठी ग्रुपला म्हणायचे, "प्रदक्षिणा तुम्हाला येतेच, पुढे चला." अठरा वर्षांत या दोन मिनिटांच्या कंजुषीचा मला एकदाच फटका बसला, आणि तीच गोष्ट मला सांगायची आहे.

त्याआधी एक कबुली द्यायला हवी, नाहीतर मी त्या दिवशी अशी का वागले ते कळणार नाही. फार वर्षांपूर्वी एका तरुण मुलाचं डोकं दुखत होतं. मी विचारलं, तो म्हणाला, "ताई, आय ॲम फाइन." मी विश्वास ठेवला, कारण दुसऱ्या दिवशी तळ्यावर जायचं होतं आणि मलाही ते चुकवायचं नव्हतं. त्याच्या फुप्फुसात पाणी झालं. तो वाचला, आज चांगला दोन मुलांचा बाप आहे, दिवाळीला मेसेज करतो. पण त्याच्या आईला तो फोन मला करावा लागला, ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून माझे दोन नियम झाले. शंका आली की माणूस ताबडतोब खाली न्यायचा, तो काहीही म्हणो. आणि एकदा खाली आणलेला माणूस त्या सहलीत पुन्हा वर जाणार नाही.

देशकर काकू मला भेटल्या रेडमंडला. वॉशिंग्टन राज्यातल्या लोकांसाठी मी वर्षातून एकदा तिकडे जाऊन माहितीची बैठक घेते. लायब्ररीची खोली, बाहेर तिथला तो चिवट पाऊस, आत तीस-पस्तीस सॉफ्टवेअरवाली मंडळी. मी नेहमीसारखी सुरुवात केली, "वर हवेत ऑक्सिजन कमी असतो." पहिल्या रांगेतून एक हात वर झाला. बाहत्तरीच्या बाई, अंगात जावयाचं जाकीट, मांडीवर वही.

"ऑक्सिजन तेवढाच असतो. एकवीस टक्के. हवेचा दाब कमी असतो, म्हणून श्वासात कमी येतो. मुलांना असं अर्धवट सांगू नये."

मुलं म्हणजे समोरची चाळिशीतली टकलं. मी कान पकडले आणि तेव्हापासून बरोबर सांगते.

बैठक संपल्यावर त्या थांबल्या. नागपूरच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला होता. नववीला शीत वाळवंटाचा धडा असायचा. हिमालयाच्या पर्जन्यछायेतलं पठार, खारी तळी, दिवसा ऊन आणि सावलीत गारठा. चौतीस वर्षं दर पावसाळ्यात त्यांनी तो धडा घेतला आणि ते पठार कधी पाहिलं नाही. "यांना थंडी सोसायची नाही, म्हणून राहिलं. मग मुलीचं शिक्षण. मग हे गेले. मग गुडघा." आता सहा महिने नागपूर, सहा महिने रेडमंडला लेकीकडे. "इथे रोज पाऊस बघून राहिली ना मी, म्हणून वाळवंटाची आठवण जास्त येते. मला लेह-बिह नको. ती मोठी खिंड ओलांडून पलीकडचं पठार बघायचंय. एकदा. मग तू मला परत आणून टाक."

लेक शेजारीच उभी होती. रश्मी, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि आईच्या बाबतीत त्याहून मोठ्या हुद्द्यावर. तिला रजा नव्हती, त्यामुळे काकू एकट्याच येणार होत्या. रश्मीने लॅपटॉप उघडून मला एक तक्ताच दाखवला.

"शुभाताई, आईचं बीपी आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तिचं ऑक्सिजनचं रीडिंग मला पाठवायचं. लेहमध्ये पंच्याऐंशीच्या खाली गेलं, की टूर कॅन्सल. नो डिस्कशन. आणि तुम्हाला थोडाही डाउट आला ना, तर तिचं ऐकायचं नाही. ती कोणालाही पटवू शकते, चौतीस वर्षं तेच केलंय तिने."

"मी इथंच उभी आहे," काकू म्हणाल्या.

"माहितीये, आई. तुझ्यासमोरच सांगतेय."

मी रश्मीला शब्द दिला.

त्या जुलैत आम्ही नऊजण होतो, आणि माझ्या अठरा वर्षांतली सर्वात गुणी प्रवासी म्हणजे देशकर काकू. झोपा म्हटलं की झोपल्या. चार लिटर पाणी प्यायल्या आणि त्याची वहीत नोंद ठेवली. लोणी घातलेला खारट चहा एकट्या त्यांनीच आवडीने संपवला आणि वर म्हणाल्या, "कढी समजून प्यायचा." आकडे शहाऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद. रोज रेडमंडहून अंगठा यायचा.

पाचव्या दिवशी खिंड ओलांडायची होती. दोन गाड्या. पहिली स्टॅन्झिनची, तो माझा लेहचा जोडीदार. गाडी, वाट आणि माणसं या तिन्हींची त्याला माझ्यापेक्षा जास्त पारख आहे. दुसरी त्याच्या मेहुण्याची. खिंडीच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथे चौकीवर परवाने दाखवावे लागतात आणि सगळे चहा पितात. गावाच्या टोकाला एक चोर्तेन आहे, शेजारून शेताला जाणारा वितळत्या बर्फाच्या पाण्याचा पाट. मी परवान्यांचा गठ्ठा घेऊन चौकीत गेले, कारण अमेरिकन पासपोर्टवाल्यांचे कागद वेगळे, भारतीयांचे वेगळे, आणि चौकीवरच्या जवानाला ते दर वर्षी नव्याने समजवावे लागतात.

मी त्याला समजावत होते तेवढ्यात स्टॅन्झिन धावत आला. स्टॅन्झिन धावत नाही. त्या उंचीवर धावायचं नसतं हे त्यानेच मला शिकवलं आहे.

"मॅडम, जल्दी आओ. आंटीजी उलटा घूम रही हैं."

मी बाहेर येऊन पाहिलं. गावातल्या चार-पाच म्हाताऱ्या हातात प्रार्थनाचक्र फिरवत चोर्तेनभोवती फेऱ्या घालत होत्या. देशकर काकू त्यांच्याबरोबर निघाल्या, पाटापर्यंत गेल्या, थबकल्या, तोंडाने काहीतरी पुटपुटल्या, गर्रकन वळल्या आणि उलट्या दिशेने म्हाताऱ्यांच्या अंगावर चालून आल्या. पूर्ण मागे येऊन पाटाच्या दुसऱ्या काठाशी पोचल्या, पुन्हा थबकल्या, पुन्हा वळल्या. एका आजीने त्यांना खांद्याला धरून सरळ दिशेला लावून दिलं. काकूंनी तिच्याकडे बघून गोड हसत नमस्कार केला आणि परत उलट्या निघाल्या. दगडांवर त्यांचा तोल जात होता.

विरळ हवेत मेंदूला सूज येते तेव्हा माणूस असाच वागतो. दिशा कळत नाही, मध्येच थांबतो, स्वतःशी बोलतो, झिंगल्यासारखा चालतो, आणि मी अगदी ठणठणीत आहे असं सांगतो. यात वेळ घालवला की संपलं.

"काकू, आज वार कोणता?"

"वार नाही सांगता येणार बाप्पा, पण आज प्रदोष आहे."

मी बुटाच्या टोकाने मातीत रेघ ओढली. "या रेघेवरून पावलाला पाऊल लावून चालून दाखवा."

त्यांनी तीन पावलं टाकली आणि चौथ्याला कलंडल्या. त्यांचा गुडघा मी विसरले नव्हते. पण त्या क्षणी मला गुडघा दिसलाच नाही. मला तो मुलगा दिसत होता आणि त्याच्या आईला केलेला फोन ऐकू येत होता.

"गाडीत बसा. आपण खाली जातोय."

"खाली? अगं, खिंड तर वर आहे."

"काकू, प्लीज बसा."

"शुभा, मला काही झालेलं नाही. माझ्या अजून तीन फेऱ्या—"

मी त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. ग्रुप स्टॅन्झिनच्या मेहुण्याच्या हवाली केला, एकजण पुढे, दोघं सामानाच्या जागी असे कसेबसे सगळे त्या एका गाडीत कोंबून खिंडीपलीकडे धाडले, आणि आम्ही लेहकडे उतरू लागलो. वाटेत काकूंनी किमान दहा वेळा मास्क वर करून बोलायला तोंड उघडलं आणि दहाही वेळा मी तो परत खाली केला. "बोलू नका काकू, दम लागतो." अकराव्या वेळी त्यांनी प्रयत्न सोडला आणि खिडकीला कपाळ टेकून मागे जाणाऱ्या खिंडीकडे बघत बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेसुद्धा मी आजाराच्या खात्यात टाकलं.

लेहच्या दवाखान्यात एक तरुण लडाखी डॉक्टरीण होती. तिने काकूंचे डोळे पाहिले, छाती तपासली, आकडा पाहिला, चार प्रश्न विचारले. मग गुडघा दाबून पाहिला आणि काकू "अगं आई" म्हणाल्या. डॉक्टरीण माझ्याकडे वळली. "इन्हें क्या हुआ है?"

मी सगळं सांगितलं. काकू शांतपणे ऐकून घेत होत्या. मास्क आता डॉक्टरणीनेच काढला होता.

"झालं तुझं सांगून?" त्या मला म्हणाल्या. "आता मी सांगू?"

आणि खाटेवर ताठ बसून, डॉक्टरणीला कळावं म्हणून हिंदीत, त्यांनी धडा घेतला. महादेवाच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं ती ओलांडायची नसते. म्हणून तिथपर्यंत जायचं, मागे फिरायचं, उलट येऊन पन्हळीच्या दुसऱ्या अंगाला पोचायचं आणि पुन्हा परतायचं. ही एक प्रदक्षिणा झाली. "तो पांढरा घुमट बघितला मी, बाजूने पाणी वाहून राहिलं होतं, आणि आज प्रदोष. बुद्ध असला म्हणून काय झालं, पाण्याचा मान तर ठेवायला हवा? पाच घालणार होती. दोनच होऊ दिल्या हिने."

डॉक्टरीण तोंडावर हात ठेवून हसू दाबायला लागली. स्टॅन्झिन दारात उभा होता, तो उघडच हसला. मला हसू येईना. माझी आई दर सोमवारी अशीच अर्धी फेरी घालायची. लहानपणी तिच्या पदराला धरून मीसुद्धा घातली होती. पिस्कॅटवेच्या देवळात सगळे देव एका हॉलमध्ये रांगेने असतात, त्यांना मिळून एकच फेरी घालायची, मग तळघरात प्रसाद. अमेरिकेतल्या बत्तीस वर्षांत माझ्या डोक्यातून ते पुसून गेलं होतं. परक्यांना त्यांचा धर्म समजावून सांगणारी मी, आणि आपल्याच बाईचा नमस्कार मला वेड वाटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकू, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू बोलू दिलंस?"

आता हातात एकच दिवस होता. परवा सकाळी दिल्लीचं विमान. आणि माझा नियम होता: खाली आणलेला माणूस पुन्हा वर जात नाही. मी तो डॉक्टरणीला सांगितला. ती म्हणाली, "बीमार होतीं तो नियम लगता." मग तिने कागदावर लिहून दिलं की बाई तंदुरुस्त आहेत, गुडघा सोडून.

राहिली रश्मी. खरं सांगते, तिला न कळवण्याचा मोह मला झाला. तिला काय कळणार होतं? आकडा एकोणनव्वदच होता. पण शब्द दिला होता तो आकड्यांपुरता दिला नव्हता. संध्याकाळी फोन लावला, तिकडे सकाळ होत होती. मी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही.

तिकडे तिचं कॉफीचं मशीन चालू असल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे शी वॉज फाइन?"

"हो."

"आणि तुम्ही तिला टॉपच्या इतक्या जवळून परत आणलंत."

"हो. चूक माझी आहे, रश्मी. शंभर टक्के."

"नाही, म्हणजे... डाउट आला तर तिचं ऐकू नका, हे मीच सांगितलं होतं ना." तिने कॉफीचं मशीन बंद केलं. "आता तुम्ही म्हणाल उद्या परत नेते. मला भीती वाटतेय, शुभाताई. बाबा गेले तेव्हा मी इथे होते. व्हिसाच्या भानगडीत मला निघताच आलं नाही. आईला तिथे काही झालं आणि मी परत इथेच असले, तर मला नाही झेपणार."

हे मला ठाऊक नव्हतं. तो तक्ता, ते आकडे, ते नो डिस्कशन कशातून आलं होतं ते मला तेव्हा कळलं. काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"रश्मी, मी तुझी परवानगी मागून राहिली नाही. तुला कळवून राहिली आहे. पण तू हो म्हटलंस तर मला बरं वाटेल."

"आई, दॅट्स ब्लॅकमेल."

"हो."

"जा. पण मफलर बांध. आणि शुभाताईंना सांग, त्यांनी पूर्ण वेळ तुझा हात धरायचा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच स्टॅन्झिन, काकू आणि मी निघालो. पायथ्याच्या गावात कालच्याच आजी चोर्तेनपाशी होत्या. स्टॅन्झिनने त्यांना लडाखीत सगळं समजावून सांगितलं असावं, कारण त्या पोट धरधरून हसल्या, आणि काकूंच्या उरलेल्या तीन फेऱ्या होईपर्यंत बाजूला उभ्या राहून त्यांनी वाट मोकळी ठेवली. तिसरी झाल्यावर एका आजीने काकूंचा हात धरून त्यांना आपल्याबरोबर एक सरळ फेरीही घालायला लावली. पाट ओलांडताना काकूंनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला. मी सगळा वेळ त्यांचा दुसरा हात धरून होते.

खिंडीत आम्ही थांबलो नाही. तिथे थांबायचं नसतं. पलीकडे उतरून दुसऱ्या वळणावर स्टॅन्झिनने गाडी उभी केली. समोर पठार पसरलं होतं, दूर खाऱ्या तळ्याची पांढरी कड, भोवती डोंगर. काकू उतरल्या. मला वाटलं होतं त्या भरभरून बोलतील. त्या एका दगडावर बसल्या आणि बघत राहिल्या. मी त्यांच्या बोटाला चिमटा लावला, त्यांनी बोट पुढे केलं, नजर हलवली नाही. ब्याऐंशी. त्या उंचीला उत्तम.

"शुभा, तो डोंगर कुठल्या रंगाचा म्हणशील?"

"जांभळा."

"आणि त्याच्या मागचा?"

"तोही जांभळाच. जरा फिका."

"मी नकाशाभरणात हा भाग तपकिरी रंगवायला सांगायची," काकू म्हणाल्या. "पुस्तकात तपकिरी होता. रश्मी माझ्याच वर्गात होती नववीला. हिने जांभळा रंगवला. मी विचारलं, का ग? तर म्हणे, मला तसं दिसलं. बाईंची मुलगी म्हणून सूट दिली असं व्हायला नको ना, म्हणून मी तिचा नकाशा वर्गात सगळ्यांना दाखवला आणि पाचपैकी शून्य दिलं. घरी जाऊन रडली ती. मी म्हटलं, मनाला येईल तो रंग भरायला ही चित्रकला आहे का?"

त्यांनी मफलरच्या टोकाने डोळे पुसले आणि मग हसायलाच लागल्या. "चौतीस वर्षं, शुभा! किती पोरांचे कापले असतील मी!" स्टॅन्झिनला काही कळलं नाही, पण तो समजूतदार माणूस आहे, त्याने थर्मासमधला चहा ओतला.

तिकडे फोन लागत नाही. संध्याकाळी लेहला पोचल्या पोचल्या त्यांनी आधी फोन लावायला लावला. रश्मी गाडीत होती, ऑफिसला चालली होती.

"आई! ओके आहेस ना? रीडिंग किती?"

"ब्याऐंशी. ते राहू दे. नववीतल्या तुझ्या नकाशाला मी शून्य दिलं होतं, आठवतं?"

"आई, आत्ता हे काय मध्येच? मी ड्राइव्ह करतेय."

"गाडी बाजूला घे."

बहुतेक तिने घेतली. इंडिकेटरची टकटक ऐकू येऊ लागली.

"डोंगर जांभळे आहेत, रश्मी."

मग रश्मीने अगदी हळू विचारलं, "खरंच?"

"मला नको विचारू, मी आई आहे. हिला विचार." काकूंनी फोन माझ्यासमोर धरला.

"जांभळेच आहेत, रश्मी," मी म्हटलं. "मी स्वतः पाहिले."

पलीकडे आधी नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग मोठ्याने हसणं. "आई, मला ते लिहून हवंय. सहीसकट. फोटो पाठव, मी फ्रिजवर लावणार."

काकूंनी हॉटेलच्या मुलीकडून एक कोरा कागद आणि लाल पेन मागून घेतलं. टेबलाशी बसून पाचपैकी पाच लिहिलं, खाली लफ्फेदार सही केली. कागद माझ्याकडे देता देता त्यांना काहीतरी आठवलं, तो परत ओढून घेतला, आणि सहीच्या खाली त्यांनी शेरा लिहिला: "उत्तर बरोबर होते. तपासणाऱ्या बाईंनी जागा पाहिली नव्हती."